घाटातलं भरारी पथक

सर पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. आधी माझे दोन्ही तळहात पाहिले, ते उलटे करून पाहिले, मग माझ्या मोज्यांवर एक नजर टाकली आणि म्हणाले, "या आत." मी त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या भाड्यानं बघायला गेलो होतो. तळहात कशाला बघितले ते काही कळलं नाही. हे गृहस्थ हात बघून भविष्य सांगत असावेत असं वाटून मी जरा खूशच झालो. नुकतीच माझी नांदेडला बदली झाली होती आणि पुढं काय वाढून ठेवलंय हे कुणी फुकटात सांगितलं असतं तर हवंच होतं.

उलगडा पुढं झाला. सरांची सगळी नोकरी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवण्यात गेली होती, आणि परीक्षांचे दिवस आले की ते भरारी पथकात असत. जीप घेऊन कुठल्याही केंद्रावर अचानक जाऊन उभं राहायचं आणि कॉपी पकडायची हे त्यांचं काम. पोरांनी तळहातावर लिहिलेली सूत्रं, मोज्यात दडवलेल्या चिठ्ठ्या, पाण्याच्या बाटलीच्या कागदामागं चिकटवलेली उत्तरं, असलं त्यांनी इतकं पकडलं होतं की निवृत्त झाल्यावर नोकरी सुटली, पण पथक काही सुटलं नाही. बाईंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, माहेर नांदेडचं, म्हणून निवृत्तीनंतर इथं घर बांधलं. मी राहायला गेलो त्याच्या आदल्या वर्षी बाई गेल्या. मुलगी पुण्याला. खाली सर एकटे, आणि त्यांच्या संशयाच्या टप्प्यात आयतं सापडलेलं वरचं माझं बिऱ्हाड.

सर मूळचे उदगीरकडचे. सकाळी उठून इष्टलिंगाची पूजा करायचे, कपाळावर भस्माची तीन बोटं ओढायचे, आणि तेवढा वेळ सोडला तर दिवसभर कुणाचा ना कुणाचा तरी संशय घ्यायचे. दूधवाल्यानं किटली कुठल्या हातात धरलीय हे बघायचे. पेपर टाकणाऱ्याला विचारायचे, आज घडी उलटी कशी. माझी बायको एकदा प्रेमानं धपाटे घेऊन गेली, तर यांनी विचारलं, "आज काय विशेष?" ती म्हणाली, विशेष काही नाही. त्यावर सर म्हणाले, "मग आणले कशाला?" ती दोन दिवस बोलली नाही, पण धपाट्यांचं ताट मात्र चाटून पुसून परत आलं.

कुठंही चहा दिला की सर आधी त्याचा वास घ्यायचे. बाईंच्या हातचा चहा तेवढा ते तसाच प्यायचे, असं त्यांच्या मुलीनंच मला सांगितलं होतं. तीनेक वर्षांनी एके दिवशी आमच्याकडे त्यांनी कप घेतला आणि वास न घेता सरळ तोंडाला लावला. मी आणि बायकोनं एकमेकांकडे बघितलं. मला इतका आनंद झाला की न राहवून मी तो बोलून दाखवला. सर म्हणाले, "आज सर्दी झालीय."

त्यांची सायकल हा वेगळाच विषय आहे. जन्मभर त्यांनी साधी काळी सायकल चालवली. निवृत्तीच्या वेळी मुलीनं वाकड्या हँडलची, बारीक टायरची शर्यतीची सायकल घेऊन दिली. इतकी महाग वस्तू पोरगी उगाच कशाला देईल, म्हणून पहिला महिनाभर त्यांनी तिच्यावर कापड टाकून ठेवलं. मग एकदा सहज बसले ते उतरलेच नाहीत. ही सायकल रात्री त्यांच्या पलंगाशेजारी असायची. दोन्ही टायरच्या हवेच्या तोंडाला ते पांढरा दोरा बांधायचे, तो अमुकच पद्धतीनं. सकाळी उठून दोरा बघायचे. घरात दुसरं कुणी नव्हतं, दाराला आतून कडी असायची, तरी बघायचे. मी एकदा विचारलं, सर, हवा कोण काढणार आहे? ते म्हणाले, "काढायची कशाला? भरून ठेवली तर?"

आमचा रविवारचा एक सायकल ग्रुप होता. चार बँकेतले, दोन मास्तर, एक दातांचे डॉक्टर आणि मी. अर्धापूरपर्यंत जायचं, केळीच्या बागांच्या कडेला चहा घ्यायचा, आपण किती दमलो ते एकमेकांना सांगायचं आणि जेवायला घरी यायचं, एवढाच आमचा पराक्रम. सर त्यात आले आणि आमच्या मौजेची परीक्षा झाली. सायकलवाले एकमेकांच्या मागं चिकटून चालवतात, पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्याला सोपं जातं. सरांना हे कळलं त्या दिवशी त्यांनी भर रस्त्यात सगळ्यांना थांबवलं. पुढच्याच्या पाठीआड लपून जाणं म्हणजे पुढच्या बाकावरच्याच्या पेपरात बघून लिहिणं, असं त्यांचं म्हणणं पडलं. तेव्हापासून ते एकटे, रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं, सगळा वारा स्वतःच्या छातीवर घेत चालवायचे. भोवताली रान मोकळं असलं तरी दोन बाकांतलं अंतर सोडायचे.

वर्षातून एकदा, थंडीत, आम्ही मोठा फेरा करायचो. नांदेडहून अर्धापूर, हदगाव करत माहूर, तिथं मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी किनवट, भोकर करत परत. वाटेत तीन घाट लागतात. सर त्यांना पहिला पेपर, दुसरा पेपर आणि तिसरा पेपर म्हणायचे, आणि बघता बघता आम्हीही तसंच म्हणायला लागलो. नियम त्यांनीच केले होते. घाटात पाय जमिनीला टेकला की नापास. घाटात दुसऱ्याची मदत लागली की कॉपी, पेपर रद्द, पुन्हा बसायचं. मोबाइलवर कुणी किती चालवलं ते कळतं, हे आम्ही त्यांना दाखवलं. त्यांनी मोबाइल उलटा करून बघितला आणि परत दिला. सायकल जीपमध्ये टाकली तर ह्याला काय कळणार हाय, म्हणाले.

एका वर्षी फेऱ्याच्या पहिल्या दिवशी सर भल्या पहाटे एकटेच पुढं निघून गेले. आम्हाला वाटलं, वय झालंय, सावकाश जायचं असेल. माहूरच्या अलीकडच्या घाटात आम्ही आपापल्या दमानं चढत होतो. दातांचे डॉक्टर सगळ्यांत मागं. तेवढ्यात कापसानं फुगलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर धापा टाकत वर निघाला, आणि डॉक्टरांनी, कुणी बघत नाही असं पाहून, ट्रॉलीची साखळी धरली. घाटात ट्रॉली धरणं हे आमच्या भागात शाळकरी पोरापासून दूधवाल्यापर्यंत सगळे करतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. डॉक्टर आरामात वर चालले. शेवटच्या वळणावर सीताफळाच्या झुडपातून सर बाहेर आले. अंगावर कुसळं, डोक्यात वाळलेली पानं. आमच्या कितीतरी आधी पोचून ते तिथं दबा धरून बसले होते.

सर ओरडले नाहीत. ते कधीच ओरडायचे नाहीत. डॉक्टरांपुढं उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "हात दाखवा." डॉक्टरांनी हात पुढं केला. तळव्याला साखळीचं काळं वंगण लागलं होतं. पन्नाशीचे डॉक्टर, गावात नाव असलेला माणूस, मान खाली घालून उभे राहिले, आणि मग सायकल वळवून मुकाट्यानं घाटाच्या पायथ्याशी गेले व पुन्हा चढून आले. वर येईपर्यंत सर तिथंच थांबले होते. डॉक्टर पोचल्यावर त्यांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्यांना दिलं आणि पाठीवर थाप मारली. डॉक्टर नंतर मला म्हणाले की इतकं बरं त्यांना पदवीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

स्वतःलाही सर सोडायचे नाहीत. एका वर्षी त्यांनी तिन्ही पेपर व्यवस्थित दिले, घरी आले, आंघोळ केली, पूजा केली, आणि वर येऊन मला सांगून गेले की तिसऱ्या घाटात एक मालट्रक थोडा वेळ पुढं होता आणि त्याच्या आडोशानं वारा लागला नाही. मी म्हणालो, अहो, ट्रक काय तुम्ही बोलावला होता? ते म्हणाले, बोलावला नव्हता, पण तो गेल्यावर वाईट वाटलं. फेरा रद्द. दर वर्षी असं काहीतरी निघायचंच. त्यामुळे आमच्या ग्रुपमधले सगळे, अगदी मीसुद्धा, फेरा पास झालो होतो आणि परीक्षक तेवढा राहिला होता.

मग सर पडले. अर्धापूरच्या रस्त्यावर कुणीतरी सडक्या केळीचा घड टाकून दिला होता, त्यावरून चाक घसरलं आणि खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्यात मी भेटायला गेलो तर हात गळ्यात अडकवलेला, आणि सर खोल विचारात. केळीचा घड रस्त्याच्या मधोमध आपोआप येत नाही, एवढंच बोलले. त्यांची मुलगी पुण्याहून आली होती. तिला आम्ही ताई म्हणतो. तिच्याकडे ते ज्या नजरेनं बघत होते त्यावरून तो घड तिनंच आणून ठेवला असावा असा त्यांचा कयास दिसला.

ताईचं म्हणणं सरळ होतं. सायकल विकायची, घर बंद करायचं, आणि पुण्याला तिच्याकडे राहायला यायचं. सरांना पुणं नको होतं. तिच्या इमारतीत लिफ्ट आहे, आणि जी पेटी माणसाला आत घेऊन आपणच दार लावते तिच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. पण खरं कारण ते नव्हतं. या घराच्या भिंती बाईंनी स्वतः उभं राहून बांधून घेतल्या होत्या, आणि सायकल होती म्हणून सरांचा दिवस सरत होता. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मला ते वरच्या मजल्यावरून दिसत होतं. खरं सांगायचं तर मलाही ते जायला नको होते. खाली कुणी संशय घेणारं नाही म्हटल्यावर त्या घरात राहण्यात काय मजा, असं मला वाटायचं.

दोन-तीन महिने बापलेकीची फोनवर ओढाताण चालली. हाड जुळलं, सर पुन्हा सायकलवर बसायला लागले, तशी ताई पुन्हा आली. शेवटी सरांनी एक मागणं घातलं. मला एकदा फेरा करू दे, रीतसर, मग बघू. ताईही त्यांचीच मुलगी. तिनं मला खाली बोलावलं, साक्षीदार म्हणून बसवलं आणि म्हणाली, "मग बघू चालणार नाही, आप्पा. पास झालात तर समाधानानं यायचं. नापास झालात तर मुकाट्यानं यायचं. दोन्हीत यायचंच."

सर म्हणाले, "पास झालो तरी येतो, नापास झालो तरी येतो. मंजूर."

एसटीचं तिकीट दोन्ही बाजूंनी वाचल्याशिवाय खिशात न घालणारा माणूस एवढ्या मोठ्या गोष्टीला एका दमात मंजूर म्हणाला, तेव्हाच माझ्या कपाळाला आठी पडायला हवी होती. पण मी भाबडा. ताई जाताना मला जिन्यात गाठून म्हणाली, "दादा, काहीही करून त्यांचा फेरा पूर्ण होऊ द्या. नापास होऊन आले तर तिथं नुसते भिंतीकडं तोंड करून बसतील. वेळ आली तर थोडा हात लावा, त्यांना कळू देऊ नका." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हो म्हणालो.

आम्ही दोघंच निघालो. पहिला दिवस छान गेला. सर दोन बाकांचं अंतर ठेवून चालवत होते आणि अधूनमधून मान वळवून माझे हात बघत होते. पहिला पेपर त्यांनी न थांबता दिला. माहूरला देवीचं दर्शन घेतलं. तिथं प्रसादाला कुटलेला विडा, तांबूल देतात. तो त्यांनी दोन बोटांत धरून बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, ह्यानं अंगात ताकद येते का? मी म्हणालो, सर, प्रसाद आहे. मग आजचा पेपर झालाय म्हणून खातो, असं म्हणून त्यांनी तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुसरा पेपरही झाला. किनवटला आम्ही भजी खाल्ली. तिसऱ्या घाटाला लागलो तेव्हा ऊन वर आलं होतं, सागाची पानं वाळून रस्त्यावर पडली होती, आणि माझ्या पायांत गोळे आले होते. सर पुढं, मी मागं. अर्ध्या घाटानंतर त्यांचा वेग उतरायला लागला. खांदा दुखत असावा, एक हात ते सारखा हँडलवरून काढत होते. वरच्या अंगाला बिब्ब्याचं एक मोठं झाड आहे, तिथं वळण आहे. त्या वळणावर त्यांची सायकल इतकी हळू झाली की चाक डुगडुगायला लागलं. श्वासाचा आवाज मला मागं ऐकू येत होता. आता पाय टेकणार, हे मला स्पष्ट दिसलं.

मी जोर करून त्यांच्या बाजूला गेलो आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

आता हे फटकारणार, असं वाटून मी अंग चोरलं. सरांनी मान वळवली नाही. घामानं भिजलेल्या सदऱ्याखाली त्यांची हाडं हाताला लागत होती. मग समोर बघतच ते हळू आवाजात म्हणाले, "सुपरवायझर पानी प्यायला गेलाय."

जन्मभर ज्यांनी कुणाला सोडलं नाही त्यांनी आज स्वतःवरचा पहारा उठवला होता, आणि तो माझ्यासमोर. मी सगळा जीव लावून ढकललं. माणूस इतका हलका लागला की मला भडभडून आलं. वयानं माणूस असा झिजतो, असं मी मनाशी म्हणालो. माथ्यावर पोचल्यावर आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. भोकरला ऊस चघळला, तोही न बोलता.

संध्याकाळी फाटकात ताई आरतीचं ताट घेऊन उभी होती. ग्रुपमधले सगळे हार घेऊन आले होते. दातांचे डॉक्टर तर फटाक्यांची माळ घेऊन. सर सायकलवरून उतरले. डॉक्टर हार घालायला पुढं झाले तसा सरांनी त्यांना थांबवलं, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "हात दाखवा."

मी हात पुढं केला. त्यांच्या सदऱ्याचा निळा रंग घामानं सुटून माझ्या तळव्याला लागला होता. सरांनी माझं मनगट धरून तो हात ताईसमोर नेला.

"तिसऱ्या पेपरला ह्यांनी कॉपी पुरवली. मी घेतली. दोघंबी सापडलो. पेपर रद्द."

ताईनं माझ्याकडे बघितलं, आणि मी जमिनीकडे.

"म्हणजे?" ती म्हणाली.

"म्हणजे पास न्हाई, अन् नापासबी न्हाई. कॉपी केसला पुन्हा बसावं लागतं. पुढच्या थंडीत बसतो." मग तिच्या ताटातला पेढा उचलून, वास घेऊन, त्यांनी तोंडात टाकला आणि सायकल खांद्यावर घेऊन पायऱ्या चढून आत गेले. ताई तिथंच पायरीवर बसली. आधी तिचा चेहरा रडवेला झाला, मग ती हसायला लागली, आणि हसता हसता मला म्हणाली की हात लावायला मीच सांगितलं होतं, आता भांडू कुणाशी. मला तर इतका आनंद झाला होता की तो लपवायला मी दिवाबत्तीचं निमित्त करून वर पळालो.

बरेच दिवस मी तो पाठीवरचा हात आठवून हळवा होत असे. नंतर ऑफिसच्या कामानं जीपनं किनवटला जाणं झालं. परत येताना त्या बिब्ब्याच्या झाडापाशी मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. खाली उतरलो. ज्या वळणावर सरांची सायकल डुगडुगली होती तिथं उभं राहून मागं बघितलं. चढ मागंच संपला होता. पुढं बघितलं, तर माथ्यापर्यंत रस्ता सपाट. माझा विश्वास बसेना, म्हणून बाटलीतलं पाणी डांबरावर ओतलं. ते कुठंही वाहत गेलं नाही. जागच्या जागी पसरलं आणि उन्हानं वाळून गेलं. तेव्हा मला आठवलं की फाटकापासून ओसरीपर्यंत सरांनी सायकल खांद्यावरून नेली होती, त्याच दुखऱ्या खांद्यावरून, आणि त्यांना दम लागला नव्हता.

घरी आलो तो सर ओसरीवर बसून टायरला दोरा बांधत होते. मी समोर बसलो आणि विचारलं, "सर, त्या वळणावर तुम्हाला खरंच दम लागला होता?"

सरांनी दोऱ्याची गाठ मारली, दातानं टोक तोडलं, आणि पहिल्यांदाच तळहात सोडून माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

"इतका शक घेऊ नये माणसानं," ते म्हणाले. "तब्येतीला बरं नसतं."